आमच्या ट्रेमेनमध्ये बीट ठेवायचं की नाही

नॉर्डाल, सोमवार

ती. स्व. आर्डिस आत्या यांना,

टिल्डाचा नमस्कार. बाबांचाही आहे. ते सध्या अंगणात गाडीखाली आडवे आहेत, पण मी वाकून विचारून घेतलं आणि ते "कर, कर" म्हणाले, तेव्हा तो मी न विचारता घातला असं समजू नये.

तुमचा गुडघा कसा आहे? पाऊस यायच्या आधी तो ठणकतो असं तुम्ही ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतंत. त्यानंतर आमच्याकडे बऱ्याचदा पाऊस झाला आणि दर वेळी मला वाटलं, आता आत्यांचा गुडघा ठणकून गेला असणार. (तुमच्याकडे तेव्हा पाऊस नसला तर ती काळजी वाया गेली, पण पुढच्या वेळेसाठी धरून ठेवायला हरकत नाही.) सफरचंदं धरली का? नव्या पाद्रीबाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का? इकडे सर्व क्षेम आहे. हे पत्र मी केवळ ख्यालीखुशालीसाठी लिहिते आहे, दुसरं काही काम नाही. ("काही"च्या जागी "फारसं" वाचावं. खोडलं असतं तर कागद घाण दिसला असता.)

आता शनिवारच्या वॅगन मेळाव्याची हकीकत. ती तुमच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणजे निदान चुका माझ्या स्वतःच्या असतील.

डॉक्टरांनी हिवाळ्यात बाबांचं गाडी चालवणं बंद केलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाबांचं म्हणणं, त्यांना सगळं दिसतं, फक्त वस्तूंच्या कडा दिसत नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, रस्त्याच्या बाबतीत कडाच महत्त्वाच्या. तेव्हापासून आमची ट्रेमेन कोठारात उभी होती. तुम्ही तिला पाहून पुष्कळ वर्षं झाली, म्हणून थोडं सांगते. ट्रेमेन कंपनीने ही स्टेशन वॅगन काढली आणि लगेचच कंपनी बुडाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं बाबा मानतात. देशात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत कोंबड्या राहतात. आमचीत माणसं बसतात, म्हणून ती दुर्मीळातली दुर्मीळ. तिच्या दोन्ही अंगांना लाकडाचं चित्र छापलेला कागद चिकटवलेला आहे, आणि ते चित्र इतकं हुबेहूब आहे की दर वसंतात एक सुतारपक्षी येऊन टोचा मारतो आणि पत्र्याचा आवाज ऐकून गोंधळून निघून जातो. (तो एकच पक्षी आहे की दर वर्षी नवा, हे मला सांगता येणार नाही. नवा असेल तर ठीक, तोच असेल तर वाईट वाटतं.) गिअर बदलायला दांडा नाही, पियानोसारख्या पट्ट्या आहेत. मागच्या दाराला दोन मुठी आहेत. वरची धरली तर दार कपाटासारखं बाजूला उघडतं, खालची धरली तर टेबलासारखं आडवं पडतं, आणि दोन्ही एकदम धरल्या तर अख्खं दार तुमच्या मिठीत येतं. शिवाय डावीकडे वळताना भोंगा वाजतो. हे कंपनीने केलेलं नाही, उंदरांनी केलेलं आहे. बाबांनी तीनदा दुरुस्त केलं, उंदरांनी चारदा.

तर तुमच्या गावचे मर्ल गँडी, तळ्याकाठच्या हॉटेलवाले, ही गाडी कधीपासून मागताहेत. चालवायला नव्हे. त्यांना ती जेवणघराच्या मधोमध उभी करायची आहे, इंजिन काढून, मागचं दार आडवं पाडून, वर बर्फ पसरून, सॅलड मांडायला. लेट्यूस दारावर, मुळे आणि काकड्या त्यामागे, आणि बीट अगदी आतल्या सीटवर, कारण त्याचा रंग लागतो. मार्च महिन्यात ते आले तेव्हा बाबांचा धीर खचलेला होता. ते म्हणाले, "असं कर मर्ल. आमच्या घरातलं कोणी तिला तिच्या चाकांवर मेळाव्याला घेऊन आलं, तर ती आमची. नाही आलं, तर तुझी. भर तिच्यात काय मुळे भरायचेत ते." दोघांनी हात मिळवले. मी तिथेच कॉफी ओतत होते. आमच्या घरातलं म्हणजे, आई गेल्यापासून, बाबा सोडले तर मीच. मेळाव्याचं फाटक दुपारी बाराला बंद होतं, तेव्हा बाराच्या आत मेळाव्याचं गाव ऑल्डर फॉल्स गाठायचं असं मी तिथल्या तिथे मनाशी धरलं, आणि कपाबाहेर बरीच कॉफी ओतली.

बीट ज्या सीटवर ठेवणार ना आत्या, ती मागे तोंड करून बसायची सीट. बाबा गावोगावच्या चर्चचे ऑर्गन सुरात लावत फिरायचे, आणि आई आणि मी त्या सीटवर, मागच्या काचेकडे तोंड करून. बारा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा तीच. भागाकार मी तिथे शिकले, नद्यांची नावं तिथे, टाके घालायला तिथे. (खड्डेवाल्या रस्त्यांवर शिकलेले टाके अजून तसेच येतात.) आई म्हणायची, "पुढचं बाबा बघतील, आपण मागचं बघू." तिथे कोणी लोणच्यातलं बीट ठेवलेलं मला चालणार नव्हतं. मी कधी कोणाला काही चालणार नाही म्हणत नाही, हे तुम्ही जाणता, त्यामुळे नुसतं मनात म्हणतानाही मला घाम फुटला.

पण या शाळेचा एक तोटा झाला, आणि तो शनिवारपर्यंत आमच्या घरात कोणाच्याच लक्षात आला नव्हता. मला आपल्या भागातले सगळे रस्ते पाठ आहेत, पण उलटे. गाव येताना कसं दिसतं ते मला माहीत नाही, गेल्यावर कसं दिसतं ते माहीत आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी अशी समजूत होती की आपल्याकडच्या सगळ्या गावांचं नाव एकच आहे, "आभारी आहोत, पुन्हा या", कारण मागे तोंड करून बसलं की पाटीची तेवढीच बाजू दिसते. तुम्ही म्हणाल, मग परतीच्या प्रवासात तर पुढच्या बाजू दिसत असतील. दिसत असणार, पण परत येताना मी नेहमी झोपलेली असे. मी एरवी वाचनालयात कामाला जाते तो रस्ता सरळ आहे आणि त्यावर वळणच नाही, त्यामुळे हे आजवर झाकलं गेलं.

चालवायचा सराव मी कुरणात केला होता. गायींनी सहकार्य केलं. शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसले, मी सीटखाली उशी घेतली, दिवे लावले (ऊन होतं, पण दिवे लावल्याने कोणाचं नुकसान होत नाही) आणि आम्ही निघालो. पहिल्याच चौकात बाबा म्हणाले, "आता जुन्या चीजच्या कारखान्यापाशी वळ." मी म्हटलं, "तो कुठे आहे?" ते म्हणाले, "अगं, शेकडो वेळा पाहिलायस!" पाहिला होता, पण मागून. आरशात नजर गेली तेव्हा तो दिसला, अगदी ओळखीचा, निळ्या धुराड्यासकट, लहान लहान होत चाललेला. मी ओरडले, "बाबा, गेला!" यानंतर असंच चाललं. गव्हाचं गोदाम, लाल पूल, दोन मनोरे असलेलं चर्च, सगळ्याची खूण पटायची, पण गेल्यावर. मग पुढे जाऊन गाडी वळवायची, मागे यायचं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं की ते परत अनोळखी व्हायचं. बाबांनी विचारलं, "तुला घरी परत जायचा रस्ता येतो का?" मी म्हटलं, तो अगदी तोंडपाठ आहे, तोच तर मी बारा वर्षं पाहत होते. बाबांनी टोपी मागे सारली. मग म्हणाले, "तुझ्या आईला मी म्हटलं होतं, पोरीला अधूनमधून पुढे बसव."

असं करता करता आम्ही "थांबा" लिहिलेल्या एका पाटीपाशी आलो. आडव्या रस्त्यावरून एक लांबलचक काळी गाडी हळू चालली होती. बाबा एकदम सावरून बसले. "टिल्डे! बघ, बघ! लांब पाठीची, बाजूला काचा, मागे दार! ही तर जुनी भली थोरली वॅगन! मेळाव्यालाच चाललीय. सोडू नकोस तिला."

मी म्हटलं, "बाबा, आत फुलं आहेत."

"सजवलीय. हल्ली लोक फार सजवतात."

"पडदेही आहेत."

"मूळचे पडदे!" बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला.

मला शंका आली होती हे मी कबूल करते. पण त्या गाडीमागून येणाऱ्या मोटारवाल्याने मला पाहून गाडी थांबवली आणि हाताने खूण केली, तुम्ही आधी. मी खूण केली, नाही, तुम्ही. त्याने टोपी काढून खूण केली, छे छे, तुम्हीच. आपल्या भागात यापुढे नाही म्हणणं म्हणजे भांडणच, आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली होती, सगळ्यांचे दिवे लावलेले. माझेही होते. मी काळ्या गाडीच्या अगदी मागे जाऊन लागले. समोरून येणारे लोक गाड्या कडेला घेऊन थांबत होते, एका शेतकऱ्याने तर ट्रॅक्टर थांबवून टोपी छातीशी धरली. बाबा म्हणाले, "बघितलंस? अजून आहे लोकांना वॅगनची कदर."

मग काळी गाडी टेकडीवरच्या एका चर्चच्या आवारात डावीकडे वळली, आणि तिच्यामागे मीही डावीकडे वळले. डावीकडे, आत्या. थडग्यांच्या अगदी मधून, फाटकापासून खोदलेल्या जागेपर्यंत, आमचा भोंगा अखंड वाजत राहिला. मी गाडी थांबवली तेव्हा मला एकच इच्छा होती, की तिथे आणखी एक खड्डा खोदलेला असावा.

निघून जाता येईना, मागे सगळी रांग उभी. बाबांनी टोपी काढली. आम्ही उतरून मागे उभे राहिलो. पण लोकांनी "तुम्ही पुढे या, पुढे या" करून आम्हाला पुढे ढकललं, कारण शववाहिकेमागे दिवे लावून येणाऱ्या पहिल्या गाडीत जवळचेच असतात. बायका डोळे पुसत होत्या. एक बाई माझा हात धरून म्हणाली, "तो भोंगा... काय सुचलं हो तुम्हाला! आमच्या आल्व्हिनने जन्मभर शाळेची बस चालवली." पाद्र्यांनी प्रार्थनेत भोंग्याचा उल्लेख केला. जगाच्या शेवटच्या दिवशी देवदूत वाजवतात त्या तुतारीशी त्याची तुलना केली. बाबा माझ्या कानात, म्हणजे निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे माझ्याच कानात, सगळ्यांना ऐकू येईल असं कुजबुजले, "त्या शववाहिकेची बिजागरी बघितलीस का? पितळी!"

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅम घातलेले पाव, जेलीत गोठवलेली गाजरं, आणि भाजलेले चीज-बटाटे, जे आपल्याकडे कोणी गेल्याशिवाय इतके चांगले होत नाहीत. मी काही घेणार नव्हते. ओळख नसलेल्या माणसाच्या मर्तिकाचं जेवण जेवणं म्हणजे चोरीच. पण ताट न घेणंही अपमान, म्हणून मी एक पाव घेऊन तो हातात धरून उभी राहिले. एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही आल्व्हिनच्या बाजूचे की व्हायोलाच्या?" मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी म्हटलं, "रस्त्याच्या बाजूचे." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "हो, तिकडचेही बरेच आलेत."

शेवटी मला राहवेना. मी सरळ विधवाबाईंसमोर जाऊन उभी राहिले. व्हायोला टॉर्सन त्यांचं नाव. लहानखुऱ्या, काळी टोपी, समोर ताट भरलेलं. मी एका दमात सांगितलं की आम्ही कोणाचेच नाही, आम्ही तुमच्या यजमानांना वॅगन समजलो.

त्यांनी काटा खाली ठेवला. "आणि तो भोंगा?"

"तो डावीकडे वळलं की वाजतो. उंदीर."

मला वाटलं त्या रडणार. त्यांचे खांदे हलायला लागले, दोन बायका धावत आल्या, आणि टॉर्सनबाई रुमालात तोंड घालून हसत होत्या. त्या बायका गेल्यावर मला म्हणाल्या, "भोंग्याचा इतका राग होता त्या मेल्याला! मेला म्हणायची सवयच गं मला, आज पहिल्यांदा बरोबर बसली. उभ्या जन्मात बसचा भोंगा वाजवला नाही त्याने. आणि आता हे सगळे त्या भोंग्यासाठी पाद्र्यासकट रडतायत!" मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, निघालो कुठे होतो. मी मेळावा, बाबांचा शब्द, बीट, सगळं सांगितलं.

"गँडी? ज्याच्या लेट्यूसखाली पाणी साठलेलं असतं, तो गँडी?" त्या उठल्या. "चल. ऑल्डर फॉल्स माझं माहेर आहे, डोळे मिटून नेते. नाहीतरी माझ्या दोन्ही नणंदा मला धरून उसासे टाकायला टपल्यात. आणि ते बटाट्यांचं भांडं घे. माझंच आहे ते."

मी म्हटलं, आज तुम्ही असं निघून जाणं बरं दिसेल का. त्या म्हणाल्या, "बरं दिसायचं काम आल्व्हिनचं होतं. आता तो गेला."

टॉर्सनबाई पुढे बसल्या, म्हणून बाबांना आतल्या सीटवर बसावं लागलं, मागे तोंड करून. ते या गाडीत तिथे कधीच बसले नव्हते, आत्या. मी आरशात फक्त त्यांच्या डोक्याची मागची बाजू पाहत होते. टॉर्सनबाई हुकूम सोडत होत्या, "वळ, वळ. इकडे नाही गं, उजवी म्हणजे जेवायची!" आणि प्रत्येक वळण यायच्या आधी कळत होतं, ही केवढी चैन! मग मागून बाबांचा आवाज आला. "टिल्डे, इथून मला दिसतंय गं. पुढे बसलं की सगळं अंगावर येतं, ओळखू यायच्या आत निघून जातं. इथे सावकाश लहान होतं. कडासुद्धा दिसतात." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी आई सांगायची, मागे एकदा बसून बघा. मी म्हणायचो, मग चालवेल कोण."

मी चालवत होते.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. फार नाही, पण गेले होते. फाटकावरच्या गृहस्थांनी ट्रेमेन पाहिली आणि त्यांनी शिट्टीच घातली. "आणा आत, आणा! बाराच वाजतायत." मी म्हटलं, "नाही हो, वाजून गेलेत." ते म्हणाले, "माझ्या घड्याळात बाराच आहेत." मी म्हटलं, "तुमचं मागे असेल." ते म्हणाले, "ताई, मी म्हणतोय ना बारा!" मी म्हटलं, "पण नाहीत ना!" मागून बाबांचा कण्हल्यासारखा आवाज आला. आणि फाटकाच्या आतून, ट्रेलर जोडून तयार, हातात मोजपट्टी घेऊन, गँडी आले.

"ऐकलं सगळ्यांनी? पोरगी स्वतःच म्हणतेय!" ते गाडीभोवती फिरत म्हणाले. "वा! दारावर मोठी परातभर लेट्यूस सहज मावेल. ऑरिन, तू त्या सीटवरून उतर, ती बिटाची जागा आहे," हे आमच्या बाबांना.

तेवढ्यात पुढचं दार उघडून टॉर्सनबाई उतरल्या. पायापासून टोपीपर्यंत काळ्या कपड्यांत, हातात बटाट्यांचं भांडं.

गँडींनी मोजपट्टी खाली घेतली. "आपण?"

"नवऱ्याला पोचवून येतेय," टॉर्सनबाई म्हणाल्या. "टेकडीवर. याच गाडीतून आलोय."

"याच... याच गाडीतून?"

"मग? लांब आहे, मागचं दार पूर्ण आडवं पडतं. आल्व्हिन चांगला सहा फुटांच्या वर होता. आता बघा, दुसऱ्या कुठल्या गाडीत असा माणूस..." आणि उरलेलं वाक्य त्यांनी रुमालात ठेवलं.

गँडींनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग आतल्या बिटाच्या जागेकडे. मग टोपी काढली. मी सांगायला तोंड उघडलं. शपथेवर सांगते, मी उघडलं होतं. आल्व्हिन टॉर्सन या गाडीत नव्हते, या गाडीच्या पुढच्या गाडीत होते, असं पूर्ण वाक्य तयार होतं. पण टॉर्सनबाईंनी त्याच क्षणी माझ्या तोंडात बटाट्यांचा चमचा घातला आणि म्हणाल्या, "पोरीने सकाळपासून खाल्लं नाही." आणि भरल्या तोंडाने बोलू नये, हे मला आईने त्याच सीटवर शिकवलं आहे. मी शक्य तितक्या भराभर चावलं. गिळेपर्यंत गँडी ट्रेलर घेऊन निघून गेले होते, जाताना शववाहिकेला देतात तशी आमच्या गाडीला वाट देऊन.

बाकी मेळावा छान झाला. खऱ्या लाकडाच्या जुन्या वॅगन आल्या होत्या, होड्यांसारखं वार्निश दिलेल्या, आणि त्यांचे मालक आमच्या कागदी लाकडावर टकटक करून हळहळत होते. तुम्हाला आठवत असेल, तिथे प्रत्येकजण मागचं दार पाडून त्यावर जुन्या काळची सहल मांडतो, चौकड्यांचा रुमाल, जुना थर्मास, रबरी हॅम, आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नसते. आमच्या दारावर टॉर्सनबाई बसल्या आणि त्यांनी येईल त्याला बटाटे वाढले. परीक्षकांना वाटलं ही सजावट आहे. मी सांगितलं, हे खरं जेवण आहे, मर्तिकाचं आहे. ते म्हणाले, "अस्सल!" आणि पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावून गेले. फीत मी टॉर्सनबाईंना दिली. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. परतीचा रस्ता असल्याने मी एकदाही चुकले नाही.

तर असं आहे. गुडघ्याला गरम पाण्याने शेका, आणि जिने चढताना कठडा धरा. पाद्रीबाईंना नमस्कार.

तुमची,
टिल्डा

ता. क. वर "फारसं काम नाही" लिहिलं आहे, त्यात "फारसं"वर जरा जास्त भार पडला. काम असं की गँडींचा काल फोन आला होता. त्यांना शंका आली आहे. ते म्हणाले, "शुक्रवारी आर्डिस मासे खायला येईल तेव्हा तिलाच विचारतो, गाडीत प्रेत होतं की नव्हतं. ती खोटं बोलायची नाही." तेव्हा आत्या, या शुक्रवारी मासे खायला जाऊ नये, अशी विनंती आहे. थोडी सर्दी झाली तर उत्तम. (मी सर्दी व्हावी असं म्हणत नाही.)

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजावं. आठवड्यातून तेवढंच तुमचं बाहेर जाणं, आणि ते मी बंद करावं हे मला शोभत नाही. जा, पण टेबल खांबामागचं घ्या.

ता. क. तिसरा. तेही रद्द. खांबामागे बसणं म्हणजेही खोटंच की. तुम्ही सरळ खरं सांगा. प्रेत नव्हतं, फक्त गेलेल्यांची बायको होती, आणि बारा वाजून गेले होते. मग त्यांनी गाडी मागितली तर शब्द तो शब्द. मी आतली सीट पुसून ठेवली आहे. त्यांना म्हणावं, बीट ठेवायचं तर खाली निदान जाड मेणकापड घाला.

ता. क. चौथा. पाकीट बंद करण्याआधी सगळं पत्र बाबांना वाचून दाखवलं, कारण माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे लिहू नये. ते हात पुसत शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "बारा कुठून काढलेस?" मी म्हटलं, फाटक बाराला बंद होतं ना. ते म्हणाले, "फाटक होत असेल. मर्लशी बोलताना मी बारा म्हटलं का? आपल्या घरातल्या माणसाने, तिच्या चाकांवर. एवढंच बोलणं झालं. रात्री पोचलो असतो तरी गाडी आपलीच होती." मी पुष्कळ आठवून पाहिलं, आणि खरंच, बारा त्यांच्यांतलं कोणीच बोललं नव्हतं. गँडींनीही ते माझ्याच तोंडून फाटकावर ऐकलं. मी विचारलं, मग तिथेच का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, "अगं, टॉर्सनबाई इतक्या रंगात आल्या होत्या, आणि मर्लचा तो चेहरा! मधे बोलून कोण विरजण घालील?" म्हणून आता असं ठरलं आहे की गँडींना खरं काय ते आम्ही स्वतःच येऊन सांगायचं, शुक्रवारी, ट्रेमेन घेऊन. टॉर्सनबाई रस्ता दाखवायला येताहेत. त्यांनी काळे कपडे घालून येऊ नये असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "मी दुःखात आहे, मला नाही म्हणू नकोस." तेव्हा कृपा करून चौघांचं टेबल सांगून ठेवा. सॅलडपासून लांबचं बघा.